एकाच पिंपाची स्कॉच: स्वतंत्र बॉटलरची सिंगल कास्क कशी चाखावी

स्कॉटलंडच्या आयला बेटावरची कल ईला ही डिस्टिलरी १८४६ साली सुरू झाली. समोर अरुंद सामुद्रधुनी, पलीकडे जुरा बेट. इथे गाळलेल्या व्हिस्कीचा मोठा वाटा जॉनी वॉकरसारख्या ब्लेंडमध्ये जातो. मालक कंपनी डिआजिओ डिस्टिलरीच्या नावाने १२ वर्षांची, ४३ टक्क्यांची बाटलीही काढते. ती अनेक पिंपांच्या मिश्रणाची असते. एखादं पिंप जास्त धुरकट, एखादं जास्त गोड, पण सगळ्यांचा मेळ घालून चव दरवर्षी तीच ठेवायची, हे ब्लेंडरचं कसब.

स्वतंत्र बॉटलर याच्या उलट जातो. एल्गिनचे गॉर्डन अँड मॅकफेल (१८९५), आज कॅम्पबेलटाउनमध्ये असलेले कॅडेनहेड (१८४२), पिटलॉक्रीचे सिग्नेटरी (१९८८), एडिनबरोच्या लीथ भागातली स्कॉच मॉल्ट व्हिस्की सोसायटी (१९८३) ही यातली जुनी, भरवशाची नावं. हे लोक दुसऱ्यांच्या डिस्टिलरीतली पिंपं विकत घेतात किंवा भरून घेतात, त्यांना हवी तितकी वर्षं मुरू देतात आणि एकेक पिंप वेगळं बाटल्यांत भरतात. पिंप संपलं की ती व्हिस्की संपली. गॉर्डन अँड मॅकफेलने तर इतर डिस्टिलऱ्यांत नवी पिंपं भरणं २०२४ पासून थांबवायचं ठरवलं, त्यामुळे पुढे त्यांच्याकडून येणारा तसला माल गोदामात आधीपासून असलेल्या साठ्यातलाच असणार.

म्हणजे सिंगल कास्कच्या बाटलीत डिस्टिलरीची सरासरी शोधायची नसते. ग्लासात जे लागतंय त्यातलं मूळ स्पिरिटचं, म्हणजे पिंपात भरलेल्या कच्च्या दारूचं, किती आणि लाकडाचं किती, हे ओळखायचं असतं. आवडली की नाही हे त्यानंतर. पुढची सगळी रीत या एका प्रश्नाभोवती आहे.

बूच काढण्याआधी लेबल

समजा, लेबलवर असं आहे (नमुना आम्ही रचलाय, पण खऱ्या लेबलांवर याच गोष्टी असतात): कल ईला, गाळली २०१०, बाटलीत भरली २०२३, रीफिल हॉग्जहेड, ५८ टक्के, २८१ बाटल्या, नैसर्गिक रंग, चिल फिल्टर केलेली (म्हणजे थंड करून गाळलेली) नाही.

यातला सर्वात कामाचा शब्द ‘रीफिल’. पिंपात आधी बर्बन (अमेरिकी व्हिस्की) किंवा शेरी (स्पॅनिश वाइन) होती आणि त्यानंतर स्कॉच पहिल्यांदाच भरली, तर ते ‘फर्स्ट फिल’. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी भरलं तर ‘रीफिल’. चहाची तीच पावडर पुन्हा उकळावी तसं लाकूड दर खेपेला कमी देतं. म्हणून रीफिलमध्ये डिस्टिलरी स्पष्ट दिसते आणि फर्स्ट फिल शेरीत पिंप पुढे येऊन बसतं. नवशिक्याने पहिली बाटली रीफिल हॉग्जहेडची (हे पिंपाच्या एका आकाराचं नाव) घ्यावी, असं आमचं ठाम मत आहे. काळीभोर शेरीची बाटली डोळ्यांत भरते, पण तिच्यातून स्पिरिट ओळखायला सराव लागतो. रंग गडद म्हणजे व्हिस्की जुनी, हा समजही सोडून द्या. रीफिल पिंपातली वीस वर्षांची व्हिस्की गवतासारखी फिकट असू शकते आणि फर्स्ट फिल शेरीतली आठ वर्षांची महोगनीसारखी. शिवाय स्कॉचच्या कायद्यानुसार साधं कॅरमेल, म्हणजे ई१५०ए, घालता येतं. ‘नैसर्गिक रंग’ म्हणजे ते घातलेलं नाही.

मग हिशोब. बॅरल साधारण २०० लिटरचं, हॉग्जहेड २५० चं, बट ५०० चं. कायद्याने पिंप ओकचंच हवं आणि ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत दरवर्षी साधारण २ टक्के उडून जातं; त्याला तिथे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. १३ वर्षांनी हॉग्जहेडमध्ये उरतात साधारण १९२ लिटर, म्हणजे ७०० मिलीच्या २७५ बाटल्या. लेबलवर २८१ असेल तर गणित बसलं. त्याच हॉग्जहेडवर ‘४६ टक्के, ३५० बाटल्या’ असं दिसलं तर पाणी घालून भरलंय हे समजा. ती सिंगल कास्क आहेच, फक्त कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पिंपातून निघाली त्याच तीव्रतेची, नाही. हे दोन शब्द एकच नव्हेत.

पिंपात भरताना स्पिरिट बहुधा ६३.५ टक्क्यांचं असतं. दमट हवेत पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं, म्हणून वर्षांसोबत टक्केवारी उतरते. फार जुनं पिंप ४० च्या जवळ येतं आणि ४० च्या खाली गेलं तर त्याला स्कॉच म्हणता येत नाही. गोव्यात पॉल जॉनची सिंगल मॉल्ट मुरते तिथे उष्णतेमुळे हा ऱ्हास स्कॉटलंडच्या कित्येक पट असतो. गोव्याच्या पाच वर्षांची आणि स्कॉटलंडच्या पाच वर्षांची तुलना नुसत्या आकड्यावर करू नये, ती यासाठीच.

कधी लेबलवर डिस्टिलरीचं नावच नसतं. ‘सीक्रेट ऑर्कनी’ किंवा ‘सीक्रेट स्पेसाइड’ म्हणजे पिंप विकणाऱ्याने नाव वापरायची परवानगी दिलेली नाही. स्कॉच मॉल्ट व्हिस्की सोसायटीच्या बाटल्यांवर आकडे असतात: टिंबाआधीचा आकडा डिस्टिलरीचा, नंतरचा त्या डिस्टिलरीच्या पिंपाचा. १ म्हणजे ग्लेनफार्क्लस, ५३ म्हणजे कल ईला. आणि ‘फिनिश’ हा शब्द दिसला तर शेवटचे काही महिने किंवा वर्षं व्हिस्की दुसऱ्या पिंपात होती असं समजा.

तयारी

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा, तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता. ग्लेनकेर्न सर्वात सहज मिळतो. शेरीचा छोटा कोपिताही उत्तम. रुंद तोंडाच्या जाड ग्लासात वास ठरत नाही. एका व्हिस्कीसाठी दोन ग्लास घ्या, कारण पुढे कळेल. साबणाचा किंवा कपाटाच्या लाकडाचा वास ग्लासात राहतो. नुसत्या गरम पाण्याने धुऊन उपडा न ठेवता वाळवा आणि ओतण्याआधी रिकामा हुंगून बघा.

औषधांच्या दुकानातून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आणा. पाणी कमी क्षारांचं, साधं बाटलीबंद चालेल. क्लोरीनचा वास येणारं नळाचं पाणी नको.

वेळ जेवणाआधीची. फोडणीचा घमघमाट, उदबत्ती, अत्तर, हाताला लागलेला सुगंधी साबण, नुकतेच घासलेले दात, यातलं काहीही नको. मे महिन्यात पुण्या-नागपूरच्या खोलीत ३५ अंशांना ५८ टक्क्यांची व्हिस्की चाखू नये. अल्कोहोल इतक्या जोरात वर येतं की नाकाला दुसरं काही कळत नाही. खोली २० ते २२ अंशांवर आणा. ग्लास मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका आणि बर्फही नको, थंडीने वास बसून जातो.

प्रमाण: एकूण २० मिली, दोन्ही ग्लासांत १०-१०. कमी वाटेल, पण ५८ टक्क्यांच्या २० मिलीत ११.६ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या ३० मिली पेगमध्ये १२.८. म्हणजे हा जवळजवळ एक पेगच झाला. एका बैठकीत तीन व्हिस्की पुरे. त्यापुढे जीभ आणि निर्णय दोन्ही थकतात. जास्त नमुने असतील तर जाणकार चाखून थुंकतात. त्यासाठी भांडं जवळ ठेवा. गाडी चालवायची असेल तर त्या दिवशी चाखणं नको. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही.

नाक

ओतल्यावर ग्लास झाकून दहा मिनिटं ठेवा. जितक्या वर्षांची व्हिस्की तितकी मिनिटं, असा ठोकताळा काही जण पाळतात. दहा-पंधरा मिनिटांनी बहुतेक काम होतं.

वाइनसारखा ग्लास गरगर फिरवायचा नाही. ५८ टक्क्यांत तसं केलं की अल्कोहोलचा भपकारा नाकात जातो आणि पुढची पाच मिनिटं वाया जातात. ग्लास हनुवटीजवळ धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, छोटा श्वास घ्या. मग खालच्या ओठापाशी आणा. मग नाकाजवळ, पण ग्लास जरा तिरका धरून त्याच्या वरच्या कडेपाशी. आधी एक नाकपुडी, मग दुसरी. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद, मध्ये विसावा. नाक बधिरलं की स्वतःच्या सदऱ्याची बाही हुंगा, ओळखीच्या वासाने ते ताळ्यावर येतं. कॉफीच्या बिया हुंगायची गरज नाही, तो आणखी एक तीव्र वास झाला.

आता काय शोधायचं? लाकडाचे वास आधी ओळखून बाजूला काढा. व्हॅनिला आणि नारळाच्या वडीसारखा वास अमेरिकी ओकचा. नारळाचा वास त्या लाकडातल्या लॅक्टोनमुळे येतो, व्हॅनिला लाकडातल्या लिग्निनपासून. लवंग, जायफळ, अक्रोडाचा तुरटपणा युरोपीय ओकचा. खजूर, काळे मनुके, अंजीर, संत्र्याची वाळलेली साल शेरीची. हे सगळं वजा केल्यावर जे उरतं ते बहुतांशी स्पिरिटचं: केळं, पेअर, हिरवं सफरचंद, ताजं गवत, मेण, पीठ, धूर.

कल ईलात धूर असणारच, कारण तिचा मॉल्ट (मोड आणलेले जव) त्याच बेटावरच्या पोर्ट एलन माल्टिंग्जमध्ये पीटच्या धुरावर वाळवलेला येतो. लागावुलिनचा मॉल्टही तिथलाच, तरी दोन्ही व्हिस्की वेगळ्या लागतात, कारण भट्ट्यांचा आकार आणि गाळपातला कोणता भाग ठेवायचा याचा निर्णय वेगळा. हा धूर चुलीतल्या सरपणाच्या धुरासारखा नसतो. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजत साचलेलं शेवाळ आणि वनस्पती. त्याच्या धुरातून ग्वायकॉल आणि क्रेसॉल ही संयुगं येतात. म्हणून दवाखान्यातलं टिंक्चर आयोडीन, नवं बँडेज, डांबर, वाळत घातलेले बोंबील, असे वास आठवतात. पहिल्यांदा हा वास घेणारे बरेच जण ‘खराब झाली’ म्हणून बाटली बाजूला ठेवतात. खराब झालेली नसते. थांबा, पाच मिनिटांनी धुराला नाक सरावतं आणि मागून लिंबू, सफरचंद, समुद्राचा खारेपणा पुढे येतो.

पहिला आणि दुसरा घोट

पहिला घोट निकालासाठी नसतो. एक-दोन मिली, जिभेवर पसरू द्या, गिळा. इतक्या तीव्र अल्कोहोलला तोंड सरावलेलं नसतं, त्यामुळे पहिल्यांदा नुसतं जळजळतं. अर्धा मिनिट थांबा.

दुसरा घोट तीन मिलीचा. दहा ते पंधरा सेकंद तोंडात ठेवा, चावल्यासारखं करा, लाळ मिसळू द्या. सुरुवातीला गोड की खारट? मध्यावर काय बदललं? पोत कसा: पाण्यासारखा, तेलकट, मेणचट? गिळून तोंड मिटा आणि नाकाने श्वास सोडा. खरी ओळख इथे होते, कारण वासाची संयुगं आता मागच्या वाटेने नाकात जातात. मग शेवट किती वेळ रेंगाळतो ते मोजा. चांगल्या पीटेड व्हिस्कीचा धूर मिनिटभर सहज टिकतो. शेवटी फक्त कोरडेपणा आणि कडवट लाकूड उरत असेल तर पिंपाने स्पिरिटवर मात केलेली आहे.

पाणी

कास्क स्ट्रेंग्थ चाखण्याचं खरं हत्यार हेच. ‘शुद्ध व्हिस्कीत पाणी घालू नये’ असं ऐकलं असेल तर ते विसरा. ब्लेंडर स्वतः नमुने सुमारे २० टक्क्यांपर्यंत पातळ करून हुंगतात.

पाण्याने नेमकं काय होतं यावर स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठाच्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ साली संगणकीय अभ्यास प्रसिद्ध केला. अल्कोहोल ५९ टक्क्यांवर असताना ग्वायकॉलचे रेणू अल्कोहोलच्या रेणूंनी वेढलेले, द्रवात खोल राहतात. ४५ टक्क्यांपर्यंत उतरवलं की ते पृष्ठभागाजवळ येतात आणि हवेत उडायला मोकळे होतात. पाण्याने धूर वाढल्यासारखा वाटतो, त्यामागचं हे एक कारण.

एका ग्लासाला हात लावायचा नाही, तो तुलनेसाठी. दुसऱ्यातल्या १० मिलीत (५८ टक्के) सिरिंजने असं घाला:

५२ टक्क्यांसाठी साधारण १.२ मिली
४६ टक्क्यांसाठी एकूण २.६ मिली
४० टक्क्यांसाठी एकूण ४.५ मिली
२० टक्क्यांसाठी एकूण १९ मिली

सूत्र सोपं आहे: व्हिस्कीचे मिली गुणिले तिची टक्केवारी, भागिले हवी असलेली टक्केवारी, आलेल्या आकड्यातून व्हिस्कीचे मिली वजा करा. या ग्लासातून आधी घोट घेतलात तर हिशोब चुकतो, म्हणून वर सांगितलेले पहिले दोन घोट न पातळ केलेल्या ग्लासातूनच घ्या.

प्रत्येक पायरीनंतर दोन-तीन मिनिटं थांबा. पाणी घालताक्षणी वास विस्कटतो आणि लगेच हुंगलं तर चुकीचा निष्कर्ष निघतो. दोन्ही ग्लास आलटून पालटून नाकाशी न्या, थेंबभरच जिभेवर घ्या, लिहा. ४६ च्या आसपास बहुतेक रीफिल पिंपं सर्वात मोकळी होतात, हा ठोकताळा धरा, नियम नव्हे. काही व्हिस्की ५२ ला खुलतात आणि ४५ ला कोसळतात: वास पुठ्ठ्यासारखा, चव पाणचट. फर्स्ट फिल शेरीत तर पाण्याने तुरट कडवटपणा वर येण्याचा धोका असतो, तिथे अर्धा-अर्धा मिली घालत जा. घातलेलं पाणी काढता येत नाही. सरसकट चमचाभर ओतणं ही नवशिक्यांची सर्वात महागडी चूक.

२० टक्क्यांची पायरी पिण्यासाठी नाही, फक्त नाकासाठी. दोष तिथे लपत नाहीत.

पाण्याने व्हिस्की किंचित ढगाळ झाली तर घाबरू नका. चिल फिल्टर न केलेल्या व्हिस्कीतले लांब साखळीचे एस्टर ४६ टक्क्यांच्या खाली आणि थंडीत विरघळलेले राहत नाहीत, त्यांचा तो ढगाळपणा. पोताला तेलकटपणा देणाऱ्यांत हेच असतात.

दोष आणि दोषासारखं वाटणारं

विझलेल्या काडीपेटीचा, जळक्या रबराचा वास गंधकाचा. शेरीच्या पिंपांना जपण्यासाठी आत गंधकाच्या कांड्या जाळत, तिथून तो येतो. काही डिस्टिलऱ्यांच्या स्पिरिटमध्येही थोडा असतो. क्रेगेलाकी जुन्या पद्धतीने वाफ पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्या नळीत थंड करते; तांब्याशी संपर्क कमी, म्हणून मांसल, गंधकी छटा. स्पिरिटमधला हलका गंधक अर्ध्या तासात उडतो. पिंपातला बहुधा जात नाही. काही लोकांच्या नाकाला तो कळतच नाही, त्यामुळे यावर मतभेद होणारच.

ओल्या गोणपाटाचा, बुरशी धरलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बाधलेलं असण्याची शक्यता मोठी. तो हवेने जात नाही, दुकानदाराला कळवा. सिंगल कास्कमध्ये ‘वेगळी चव’ म्हणून हा दोष खपवून घेऊ नका. ओल्या धान्याचा, कच्च्या पिठाचा वास मात्र दोष नाही, व्हिस्की कोवळी आहे इतकंच. आणि नवी बाटली पहिल्या दिवशी बंद, तिखट वाटली तर निकाल द्यायची घाई करू नका. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा चाखा.

लिहून ठेवा, आपल्या शब्दांत

इंग्रजी नोंदींत ‘हेदर’ आणि ‘गूजबेरी’ असतं. हेदर कधी हुंगलंच नसेल तर तो शब्द तुमच्या काय कामाचा? काकवी, आमसूल, भाजका पापड, सुंठ, पिकलेला फणस, पहिल्या पावसातली माती, डांबरगोळी, नव्या वहीचा कागद: जे आठवलं तेच लिहा. दोन रकाने करा, एकात स्पिरिट, दुसऱ्यात लाकूड, आणि पाण्याची प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीत. पिंपाचा क्रमांक नक्की टिपा. त्याच बॉटलरचं शेजारचं पिंप, तीच तारीख, तेच वय, तरी वेगळं लागू शकतं. जमलं तर डिस्टिलरीची १२ वर्षांची बाटलीही शेजारी ठेवून चाखा. सरासरी माहीत असली की या पिंपाने कुठे वाट सोडली ते लगेच कळतं.

बाटली उभीच ठेवा, वाइनसारखी आडवी नको. तीव्र अल्कोहोल बूच खातं. उन्हापासून लांब. बूच तुटलं तर चहाच्या गाळणीवर कॉफीचा फिल्टर ठेवून गाळून घ्या आणि आधीच्या रिकाम्या बाटलीचं धुतलेलं बूच लावा, जुनी बुचं याचसाठी जपायची. बाटली तिसऱ्या हिश्शावर आली की उरलेली व्हिस्की १०० मिलीच्या काचेच्या बाटल्यांत गच्च भरा. परदेशातून आणणार असाल तर शुल्कमुक्त मर्यादा २ लिटरची आहे: ७०० मिलीच्या दोन बाटल्या बसतात, तिसरीने २.१ लिटर होतात.

आणि ग्लास लगेच धुऊ नका. न पातळ केलेला रिकामा ग्लास झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी चहाआधी हुंगा. अल्कोहोल आणि हलके फळांचे वास उडून गेलेले असतात. तळाशी राहतं ते लाकूड आणि, कल ईला असेल तर, विझलेल्या शेकोटीची राख.